एकशे वीसची रेघ

हस्त नक्षत्र लागून सहा दिवस झाले होते. दोन दिवसांपूर्वी आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेले चक्रीवादळ तेलंगण ओलांडून आमच्या दिशेने येत होते. समुद्रापासून इतक्या दूर येईपर्यंत वादळाचा वारा पुष्कळसा ओसरतो. पाणी मात्र ओसरत नाही. ते त्याच्या पोटात तसेच असते, आणि कुठे ओतायचे ते त्याचे त्यालाच ठाऊक.

आमचे गाव कळमनुरीपासून दोन कोसांवर, कयाधू नदीच्या काठी. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी ओसरीच्या भिंतीवर वायुभारमापक टांगला आणि त्याच्या काट्याची रोज नोंद ठेवू लागलो. पर्जन्यदेवतेची स्तुती पस्तीस वर्षे मुलांना शिकवली होती. तिच्या येण्याजाण्याकडे नीट लक्ष देणे हीही उपासनाच, अशी माझी समजूत होती. हळूहळू काठाकाठाने आणखी चौघे जोडले गेले आणि फोनवर आमचा एक गट झाला. शेजारच्या तांड्यावरचे पुनमचंद उपग्रहाची चित्रे पाहून ढगांचा माग काढत. वर सेनगावच्या अंगाला, नदीकाठच्याच एका गावात पिठाची गिरणी चालवणारे रामजी पाऊस मोजत. पावसाची मापे मीच करून दिली होती : शीतपेयाची मोठी बाटली, तिचे कापलेले तोंड उलटे बसवून केलेले नरसाळे, आणि बाहेरून तांबड्या रंगाने ओढलेल्या मिलिमीटरच्या रेघा.

नियमही माझेच. त्यांतला एक खास रामजींसाठी होता. ते पूर्वी आकड्यापुढे लिहीत, ‘लई झोडपलं, देवा’, ‘आभाळ फाटलं’. एकदा ते फाटलेले आभाळ वाचून निम्म्या गावाने गुरे माळावर नेली, आणि पाऊस पडला अकरा मिलिमीटर. तेव्हा मी गटावर लिहिले, ‘आकड्याखेरीज एकही शब्द नको. विशेषणांनी पाऊस मोजता येत नाही.’ रामजींनी जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले. त्या दिवसापासून ते नुसता आकडा पाठवू लागले.

वादळ जवळ आले त्या दिवशी सकाळपासून वारा ईशान्येचा होता. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, की वादळाचे केंद्र आपल्या डाव्या हाताला असते. मी अंगणात उभा राहून डावा हात पसरला. तो आग्नेयेकडे, नांदेडच्या अंगाला गेला. केंद्र बाजूने निघून जाणार असेल, तर वारा हळूहळू आपली दिशा पालटतो. बारा वाजले, एक वाजला. वारा ईशान्येचाच राहिला. आणि काटा उतरत होता. दिशा पालटत नाही आणि भार उतरतो, याचा अर्थ एकच. ते सरळ आपल्यावर येत आहे.

मी मापकाच्या काचेवर बोटाने टिचकी मारत असताना पुनमचंद निथळत ओसरीवर चढले.

“काय गुरुजी, नाडी पाहून राहिले का?”

“मंद होत चालली आहे.”

“मंग वैद्याला बोलवा, मला काहून सांगता?” त्यांनी डोक्यावरचे पोते झटकले आणि फोन पुढे धरला. “हे पहा. ढग नांदेडच्या अलीकडं आला. सकाळी हाताएवढा व्हता, आता परातीएवढा झाला.”

ते हसत होते, पण त्यांचे दुसरे पाऊल अजून पायरीवरच होते. बसावे की परत जावे, हे त्यांचे ठरत नव्हते.

रामजींचे आकडे येत होते, सकाळपासून बाटलीत साठलेल्या एकूण पावसाचे. अकरा वाजता अडतीस. बाराला एकाहत्तर. एकला एकशे चार. दोनला एकशे वीस. तीनला पुन्हा एकशे वीस. ते पाहून माझ्या छातीवरचा भार थोडा हलका झाला. खाली आमच्याकडे पाऊस झोडपत होता खरा. पण नदीला पूर आमच्या पावसाने येत नाही, वरच्या पावसाने येतो. वरचा पाऊस थांबला होता.

सव्वातीनला सत्यभामाबाईंचा फोन आला.

या मेंढरे राखणाऱ्या घरच्या बाई. दीडशे मेंढरे, मुलगा शिवहार आणि सून रागिणी असा त्यांचा संसार. त्या दिवसांत सोयाबीन उभे असते, त्यामुळे शिवारात मेंढरांना पाय ठेवायला जागा नसते. म्हणून दरवर्षी या सुमारास त्यांचा मुक्काम नदीतल्या बेटावर असे. कयाधू तिथे दुभंगते. मध्ये बाभळी आणि गवताचा लांबट उंचवटा, अलीकडचा प्रवाह गुडघाभर. शिवहार सकाळीच औषध आणायला आखाडा बाळापूरला गेला होता. बेटावर दोघी बायकाच होत्या.

“गुरुजी, काढू का ठेवू?” वाऱ्याच्या आवाजातून त्या ओरडत होत्या. “कालच चार मेंढ्या व्याल्या. या पावसात पान्यातून काढली तं कोकरं गारठून मरतेत. आन ठेवावं तं नदीचं भ्या. तुमी सांगा, तसं करते.”

मी पुन्हा एकदा आकडा पाहिला.

“वर पाऊस थांबला आहे. ठेवा.”

“बराबर सांगून राहिले ना?”

“आकडा समोर आहे माझ्या, बाई.”

“मंग झालं,” त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

चार वाजता रामजींचा आकडा आला. एकशे वीस.

“रामजी लई गुणी झाला,” पुनमचंद म्हणाले. “एकच आकडा गिरवून राहिला. छडी खाल्लेलं पोरगं पाटीवर गिरवते, तसा.” मग त्यांनी कपाळाला आठी घातली. “पन गुरुजी, हे पहा की. सेनगाववर ढग कसा पांढराफेक आहे. चित्रात एवढा पांढरा म्हंजे जाडजूड ढग, तो कोरडा कसा राहीन?”

अंगणातल्या कट्ट्यावर माझे स्वतःचे माप उभे होते. मी त्याच्याकडे पाहिले. पाणी साठाच्या रेघेवर होते. वर ऐंशी, वर शंभर, वर एकशे वीस. त्यानंतर नरसाळ्याचे टोक आणि मग काही नाही. एकशे वीस ही शेवटची रेघ होती. ती मीच ओढली होती. पाची मापांवर.

मी फोन उचलला.

रामजींचा फोन तिसऱ्या खेपेला लागला.

“रामजी, पाऊस थांबला का तुमच्याकडे?”

“थांबला?” पलीकडून भांडी आदळल्याचा, कुणी हाका मारल्याचा आवाज येत होता. “गिरणीत मांडीएवढं पानी शिरलं, गुरुजी! दोनच्या आधीपासून बाटली सांडून राहिली.”

“मग लिहिले का नाही?”



“तुमीच म्हनले व्हते, आकड्याबिगर एक अक्षर नको. आकडा तं एकशे वीसच. त्याच्यावर रेघच न्हाई, काय लिहू?”

फोन तुटला. सत्यभामाबाईंचा लावला, तर तो लागेचना. वीज गेली होती आणि तिच्यामागून फोनचा मनोराही बंद पडला असावा. रामजींच्या गावचे पाणी आमच्यापर्यंत यायला तीन तास लागतात. ही नोंद माझ्याच हातची होती. बाटली दोनच्या आधी भरली. म्हणजे लोंढा पाचच्या आत बेटावर.

“गाडी काढा,” मी म्हणालो. पुनमचंदांनी काहून म्हणून विचारले नाही. माझ्या चेहऱ्यावरच त्यांना ते दिसले असावे. विहिरीचा नाडा खांद्यावर टाकून त्यांनी मोटारसायकलला लाथ मारली.

बहात्तराव्या वर्षी मी त्यांच्या पाठीला मुलासारखा बिलगून बसलो होतो. वाटेत ओढ्याने रस्ता खाल्ला होता. गाडी तिथेच आडवी टाकून आम्ही बांधाबांधाने धावलो. चिखलात माझी एक वहाण गेली. मनात स्तोत्र यावे, ते येईना. येत होता तो आकडाच.

नदी दिसली तेव्हा पावणेपाच झाले होते. अलीकडचा प्रवाह कमरेएवढा झाला होता. त्याहून भयंकर म्हणजे पाण्याचा रंग पालटला होता. काळ्या मातीच्या गढूळपणात तांबूस छटा आली होती, आणि कडेने फेसाचे पुंजके वाहत होते. ते पाणी आमच्या पावसाचे नव्हते. वरच्या शिवारातल्या कापलेल्या सोयाबीनची एक अख्खी गंज, अंगावरच्या प्लास्टिकसकट, शांतपणे फिरत आमच्यासमोरून गेली.

पलीकडे घोंगडी पांघरून सत्यभामाबाई काठावर आल्या.

“काढा!” मी ओरडलो. “चुकलो मी! काढा!”

त्यांनी दुसरा प्रश्न केला नाही. त्या वळल्या आणि रागिणीला हाक मारली.

पुनमचंदांनी नाड्याचे एक टोक अलीकडच्या बाभळीला बांधले, दुसरे कमरेला गुंडाळून ते पाण्यात उतरले आणि पलीकडच्या बाभळीला त्यांनी ते ताणून बांधले. पण मेंढरू पाण्यात उतरत नाही. दोघी जणी हाकत होत्या, ढकलत होत्या. कळप काठापर्यंत येई आणि भिंतीला थडकल्यासारखा मागे फिरे. तेव्हा रागिणीने घोंगडीची झोळी केली, तीत कालची चारही कोकरे घातली आणि एका हाताने नाडा धरून ती अलीकडे आली. वीस-एकवीस वर्षांची पोर. ओठ निळे पडलेले. तिने एक कोकरू माझ्या हातांत कोंबले.

“रडवा त्याला, गुरुजी!”

“काय?”

“कान पिळा त्याचा! लेकरू रडलं की माय येते. पोरायचे पिळले नसन का शाळेत?”

मी त्या थरथरत्या जीवाचा कान धरला. बोटे वळेनात. “जोरात!” ती ओरडली, आणि मी पिळला. कोकरू असे किंचाळले की माझेच डोळे मिटले. पलीकडून एक मेंढी ओरडली. पुन्हा पिळला. तिने पाण्यात उडी घेतली, आणि तिच्यामागे दुसरी, तिसरी. मग सारा कळप एकदम पाण्यात आला. पाण्यावर नुसती डोकी दिसत होती. प्रवाह त्यांना खाली ओढत होता. पुनमचंद नाड्याच्या खालच्या अंगाला छातीभर पाण्यात उभे राहून एकेकीला काठाकडे लोटत होते आणि आपल्या बोलीत कुणाला तरी शिव्या देत होते, बहुधा नदीलाच.

मी कान पिळत राहिलो. क्षमा मागत राहिलो आणि पिळत राहिलो.

“गुरुजी, फेस वाढला!” पुनमचंद ओरडले. त्यांच्या गळ्यापर्यंत पाणी होते. “बाई, या आता! सोडा ते!”

सत्यभामाबाई अजून बेटावरच होत्या. वीस-पंचवीस मेंढरे उरली होती आणि एक मेंढी वीत होती. बाई तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या होत्या. रागिणीने “आत्याबाई!” अशी हाक मारली, ती वाऱ्याने अर्धीच पोचवली असेल. बाईंनी मान वर करून नदीकडे पाहिले. मग त्या उठल्या. मेंढीच्या डोक्यावर एकदा हात ठेवला आणि पाण्यात उतरल्या.

त्या मध्यावर आल्या तेव्हा वरच्या वळणावरून आवाज आला. गाडी पुलावरून जाते तसा, पण न थांबणारा. उपटलेली बाभूळ मुळांसकट आली आणि नाड्याला अडकली. नाडा खाली गेला. बाईही खाली गेल्या.

पाण्यावर काही नव्हते. मग त्या बाभळीच्या फांद्यांतून एक हात निघाला, आणि पुनमचंदांनी त्याला मनगटाशी पकडले. आम्ही तिघांनी मिळून त्यांना काठावर ओढले. त्या पालथ्या पडून पाणी ओकत राहिल्या. आमच्या मागे बेट लहान होत चालले होते. त्याच्या माथ्यावर उरलेली मेंढरे एकमेकांना चिकटून उभी होती. ती ओरडत नव्हती. थोड्या वेळाने तिथे नुसत्या बाभळी होत्या.

मी बाईंसमोर चिखलात बसलो.

“माप भरून सांडत होते, बाई. त्याच्यावर रेघच नव्हती. ती मी ओढली नव्हती. आणि रामजींना बोलायचीही मीच बंदी केली होती. पाऊस थांबला नव्हता.”

त्यांनी तोंडावरचे केस बाजूला केले. त्यांच्या नजरेत राग असता, तर मला आधार वाटला असता.

“ते ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “अजून किती येणार, ते सांगा.”

मी वाऱ्याकडे पाठ केली. वारा ईशान्येचाच होता. केंद्र अजून यायचे होते. आम्ही भोगले ते त्याचे आगमन नव्हते, नुसती चाहूल होती. किती येणार, हे सांगायला जगात कुठेही आकडा नव्हता; रामजींच्या बाटलीवरून जे सांडून गेले, ते कुणीच मोजलेले नव्हते.

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो. कुणाला पावसाविषयी हे उत्तर मी पहिल्यांदाच देत होतो.

सत्यभामाबाईंनी काठाकडे पाहिले. आम्ही आलो तेव्हा ज्या दगडावर उभे होतो, तो आता दिसत नव्हता.

“मंग इथं काहून बसले?” त्या उठल्या. “रागिणे, कोकरं घे. पुनमचंदभाऊ, म्होरं व्हा. माळावर चला.”

माळ वर होता, आणि मध्ये तयार सोयाबीनचे शेत. त्यात मेंढरे घालायची नसतात, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. कळप उभ्या पिकात शिरला. शेंगा पायांखाली तडतड फुटू लागल्या. मागून नदीचा आवाज येत होता, आणि आम्ही चढ चढत असूनही तो दूर जात नव्हता.