टाकीतला खवीस

"निंघाला! निंघाला!"

मठाच्या आवारातली सगळी माणसं एकदम ओरडली. आमच्या पिकअपच्या डिझेल टाकीतून 'सुस्स्स' असा लांब आवाज आला होता. तो मीही ऐकला. वाहनसिद्ध महाराजांनी टाकीचं झाकण एका हातात उंच धरलं, दुसऱ्या हातानं लिंबू भिरकावलं आणि दरडावलं, "भाग बे खवीस! टाकी खाली कर! तुया बापाची हाये का गाडी?"

खविसाला वऱ्हाडी आणि हिंदी दोन्ही कळत असावं, कारण तो मुकाट्यानं गेला. माझ्या नवऱ्यानं, निकेशनं, चावी फिरवली. मघापासून मेल्यागत पडलेलं पिकअप धडधडत सुरू झालं. मागं ओळीनं गाड्या लावून बसलेल्या मालकांनी हात जोडले. एकानं तर स्वतःच्या बोनेटवर डोकं टेकलं.

हा मठ तळेगावाबाहेर, चढाच्या पायथ्याशी. संत्र्यानं भरलेलं पिकअप चढावर आचके देत बंद पडायचं. चौघांनी ढकलून त्याचं तोंड फिरवलं की ते घरंगळत मठाच्या दारात यायचं. "पाहा, गाडी सोताच बाबाकडे येते!" असं लोक कौतुकानं सांगत. उतारावर सोडलेली गाडी दुसरीकडे कुठं जाणार होती? पण हे बोलायला मला सवडच मिळाली नाही. महाराजांनी डोळे मिटले आणि नाकपुड्या फुगवल्या.

"खवीस तं गेला," ते म्हणाले, "पण तो येते कोठून? या घरात पांढऱ्या पायाची बाई हाये. तिच्या पायासंग येते. अथीच उभी हाये."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. लग्न होऊन मला वर्ष व्हायचं होतं आणि गाडी आमच्या लग्नाच्याच महिन्यात घेतलेली. हे महाराजांना दिव्यदृष्टीनं दिसलं म्हणे. खरं तर त्यांचा चेला मुकेश चहा देता देता सासूबाईंशी अर्धा तास बोलत होता. गाडी कधीपासून बंद पडते, घरात नवीन कोण आलं, हे त्यानं गोड बोलून काढून घेतलं होतं.

सासूबाई, भागीरथाबाई, तिथंच माझ्या अंगावर धावून आल्या. "मले पहिलेच वाटे! आमची चांगली धावती गाडी खाल्ली हिनं! जाय, तुया बापाच्या घरी जाय!"

मी निकेशकडे पाहिलं. तो गाडीच्या टायरकडे पाहत होता. त्या टायरची हवा बरोबर होती, मी शपथेवर सांगते.

गाडी धावती होती हे मात्र खोटं. जुनी घेतली तरी पहिले काही आठवडे ती कुरकुर न करता चालली. मग सासूबाईंच्या हट्टानं महाराजांकडून तिची पूजा केली. महाराज म्हणाले, "टाकी म्हंजे गाडीचं तोंड. तोंडातून वाईट आत शिरते. तोंड बांधा लागन." त्यांनी झाकणावर आपल्या डबीतला घट्ट शेंदूर बोटानं दाबून भरला आणि तो पुसायचा नाही अशी ताकीद दिली. त्यानंतर ही चढावरची दुखणी सुरू झाली. निकेशनं डिझेल फिल्टर बदलला. पंप खोलून झाला, नोझल झाले. वर्ध्याचा मेकॅनिक झाकण काढून टाकीत बघायचा, मग रिकामी गाडी रस्त्यावर एक चक्कर फिरवून आणायचा आणि म्हणायचा, "काईच फॉल्ट नाई, दादा." रिकामी गाडी कधीच अडली नाही. महाराजांकडे त्याचंही उत्तर तयार होतं, खवीस भुकेला असतो, तो भरल्या गाडीलाच धरतो.

त्याच संध्याकाळी मी पिशवी घेऊन नाचणगावला माहेरी आले. बापूंनी, माझ्या वडिलांनी, पिशवी आत नेऊन ठेवली. बापूंचं, म्हणजे गावाच्या नत्थूजींचं, किराणा दुकान म्हणजे सगळ्या गावाच्या चौकशीचा अड्डा. दुसऱ्या दिवसापासून बायका पावशेर साखर न्यायला येत आणि माझ्या पायांकडे पाहून जात. पायाला मेंदी लावून काउंटरवर ठेवावेत असं वाटायचं मला, घ्या, पाहा एकदाचे.

मी गेले तरी गाडी अडायची थांबली नाही. महाराजांनी निकाल दिला, "माहेरून नजर लावून राह्यली ती." म्हणजे बघा, गाडी चालली तर बाबा खरा आणि बंद पडली तर बाई खोटी. असा धंदा बुडेल कसा?

एका दुपारी बापू जेवायला गेले होते आणि सुट्टं तेल संपलं होतं. मी तेलाचा नवा पिपा ओढला, कोपऱ्यात खिळा ठोकून भोक पाडलं आणि पिपा मापावर कलता केला. डोक्यात राग होता, लक्ष ठिकाणावर नव्हतं. तेल जरा आलं, मग गटक गटक करत अडखळलं आणि जवळजवळ थांबलंच. मी पिपा हलवला, त्याला शिव्या घातल्या.

बापू हात पुसत बाहेर आले. "दुसरं भोक काऊन नाई पाडलं वं? हवा आत जाईन तवा तेल बाहेर येईन ना!"

त्यांनी वरच्या कोपऱ्यात खिळा ठोकला. पिप्यानं 'सुस्स' करून हवा ओढली आणि तेलाची धार सरळ मापात पडली.

मी पिप्याला कान लावला. तोच आवाज होता, माझ्या संसाराचा सत्यानाश करणारा तोच खवीस. टाकीतलं डिझेल इंजिन ओढून घेतं, तेवढी हवा झाकणाच्या बारीक भोकातून आत यावी लागते. भोक बुजलं की टाकी आतून ओढ धरते आणि डिझेल पुढं सरकत नाही. चढावर भरल्या गाडीला डिझेल जास्त लागतं, म्हणून ती तिथंच मरते. झाकण उघडलं की बाहेरची हवा सुसाट आत घुसते. भूत बाहेर जात नव्हतं बाई, हवा आत जात होती!

मी निकेशला फोन लावला. "आता गाडी बंद पडली तं मठात नेऊ नका. नुसतं झाकण काढजा."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला, आवाज फाटलेला. "मयुरी! निंघाला वं! मंत्र नाई, लिंबू नाई, तरी निंघाला! गाडी सुरू झाली!"

"आता शेंदूर खरवडा. खाली भोक दिसन. सुई घालून मोकळं करा. आन तो शेंदूर फेकू नका, कागदात बांधून ठेवा."

शेंदरात मेण निघालं. भोक मोकळं केल्यावर गाडी भरल्या मालानिशी चढ चढून गेली. निकेश दुसऱ्याच दिवशी नाचणगावला आला. "चाल घरी. कोणाले काई सांगाचं नाई. आईले मी हळूहळू समजावतो."

"हळूहळू?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मले काय हळूहळू हाकललं होतं का? साऱ्या गावादेखत हाकललं. आता साऱ्या गावादेखतच होईन. अन त्या बाबाची जिरवल्याबिगर मी तुमच्या दारात पाय ठेवत नाई, पांढरा ना काळा."

"महाराजाले मालूम नसन गा. चुकून भोक बुजत असन."

मलाही ती शंका होतीच. म्हणून आम्ही दोघं मठासमोरून एक फेरी मारून आलो. ओळीतल्या प्रत्येक गाडीच्या झाकणाला शेंदूर होता. मठाचंही स्वतःचं पिकअप होतं, अगदी आमच्यासारखंच. त्याच्या बोनेटवर हातभर टिळा होता आणि टाकीचं झाकण धुतल्यासारखं स्वच्छ. निकेशनं ते झाकण दोनदा वाकून पाहिलं. परत येताना त्यानं एवढंच विचारलं, "काय करा लागन?"

मठाचा वर्धापनदिन आठवड्यावर होता. त्या दिवशी मठाच्या पिकअपचा रथ होई. मागं सिंहासनावर महाराज, शेजारी त्यांच्या सौभाग्यवती, भोवती पंचवीसेक भक्त आणि प्रसादाच्या बुंदीची घमेली. रथ बाजारातून फिरायचा आणि चढ चढून वरच्या देवळात जायचा. निघण्याआधी बायका रथाला हळदकुंकू वाहत. मीही पदर पुढं ओढून रांगेत लागले. टाकीपाशी आले, कागदातला आमचाच शेंदूर बोटावर घेतला, भोकात दाबला आणि वरून झेंडूचा हार लटकवला. हळदकुंकूही दोनदा वाहिलं. भीतीनं नाही हो, आनंदानं.

रथ बाजारातून छान फिरला, मागं भक्त मालकांच्या गाड्या ओळीनं. ढोल-ताशे, गुलाल, "वाहनसिद्ध महाराज की जय!" बापू तेलाचा पिपा सायकलला बांधून मागून येत होते. मला मात्र घाम फुटला होता. नाही अडली तर?

चढाच्या मध्यावर रथानं पहिला आचका दिला. मग दुसरा. मग इंजिन खोकलं आणि बंद पडलं. ढोलवाले दोन ठोके जास्तीचे वाजवून थांबले.

महाराज माईक बंद करायचं विसरले आणि त्यांची अमृतवाणी सगळ्या भक्तांनी ऐकली. "मुकेश! फिल्टर पाय बे! मेकॅनिकले फोन लाव!"

मी पदर मागं टाकला आणि रथाच्या फाळक्यावर चढले. माईक हातात घेतला. "मेकॅनिक कायले महाराज? भरली गाडी हाये, खविसानंच धरलं. मंत्र मारा ना!"

लोक हसले, पण दबकतच. महाराजांनी मला ओळखलं. त्यांनी एक कडक मंत्र म्हटला आणि उडी मारून टाकीकडे निघाले.

"झाकणाले हात नाई लावाचा!" मी ओरडले. निकेश टाकीला पाठ लावून उभा राहिला. त्या क्षणी मला तो लग्नानंतर पहिल्यांदा आवडला. "मंत्रात दम हाये ना तुमच्या? लांबूनच मारा!"

महाराजांनी मारले. लिंबं संपली, विभूती संपली, पिकअप ढिम्म. मग मी विचारलं, "कोणाचे पाय पांढरे हायेत हो, महाराज? गाडीवर तं तुमच्या मंडळीच बसून हायेत. त्याह्यले कवा हाकलता?"

महाराजांच्या बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं की मंत्रानं न हललेले महाराज दोन पावलं मागं सरले.

"आता मायावाला मंत्र ऐका," मी म्हणाले आणि बापूंच्या दुकानाची यादी घडाघडा म्हटली. "हळद, मीठ, जिरं, मोहरी, धने, चहापत्ती, फट् स्वाहा!" आणि खाली उतरून झाकण काढलं.

'सुस्स्स!'

ड्रायव्हरनं चावी मारली. गाडी सुरू झाली. आता मात्र लोक पोट धरून हसले.

बापूंनी पिपा रस्त्याच्या मधोमध ठेवला, आधी एका भोकानं तेल ओतून दाखवलं, मग दोन भोकांनी. मी झाकण फिरवून भोक दाखवलं, त्यातलं शेंदूरमेण सुईनं काढलं. मालक आपापल्या गाड्यांकडे धावले. जो तो झाकण खरवडत होता आणि महाराजांच्या आईबहिणीचा उद्धार करत होता. मुकेशनं दोन थपडांत सगळं सांगितलं. महाराज पूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात एका गॅरेजात कामाला होते. माझ्यासमोर ते हात जोडून म्हणाले, "ताई, लेकरंबाळं हायेत, माफ करा."

मी माफ केलं नाही. करणारही नाही. रथाच्या बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांकडे जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार लिहून दिली आणि त्यांना पोलिसांच्या गाडीत चढताना डोळे भरून पाहिलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

एवढ्यात सासूबाई गर्दीतून आल्या. पुटपुटल्या, "चाल माय घरी. झालं गेलं..."

"आई, माईक घ्या."

"लोकायसमोर?"

"हाकललं तवा लोक नव्हते का?"

त्यांनी माईक घेतला. मग त्या म्हणाल्या, "माया सुनेचा काई दोष नव्हता. मीच भुलली. मी त्या लेकीले लय बोलली." आणि पदर तोंडाला लावला.

मी माईक त्यांच्या हातून घेतला. माझा हिशेब इथं संपायला हवा होता, पण समोर ओळीनं उभ्या असलेल्या गाड्या दिसत होत्या. ज्या बाबानं मला पांढऱ्या पायाची ठरवलं, त्यानं बाकीच्या घरांत कुणाला सोडलं असेल? मी विचारलं, "तुमच्या गाडीपायी घरातलं कोण हाकललं, सांगा!"

मग तानबा नावाचा पांढऱ्या मिशांचा मालक पुढं आला. खवीस निघाला तेव्हा बोनेटवर डोकं टेकणारा तोच. "मायी बहीण," तो म्हणाला. "रांडमुंड हाये. दिवाळीपासून देवळाच्या ओसरीत राहते." मागून एक जण खाली मान घालून म्हणाला, "मायी बायको." आणखी एक, "आमची वहिनी."

मला त्यांची दया आली नाही. मी म्हणाले, "गाडी लोखंडाची हाये. ती बंद पडली तं तिचं काई तरी बुजलं असते, घासलं असते, तुटलं असते. ते शोधा. नाई सापडलं तं दुसऱ्या मेकॅनिकले दाखवा. कोणाच्या पायानं इंजिन बंद पडत नाई अन कोणाच्या मंत्रानं सुरू होत नाई. एवढं समजाले कॉलेज लागत नाई. आता रडू नका. गाड्या चालू झाल्या ना? मंग जा, त्या बायाह्यले घेऊन या. अन पुढच्या सीटवर बसवून आणजा, मागं मालात नाई."

तानबानं मिशी पुसली, गाडीत बसला आणि गाडी देवळाच्या बाजूला वळवली.