तारीख आणि तारखेला

लॉकडाऊनमध्ये सगळे पोळ्या नाहीतर गिटार शिकत होते, तेव्हा माहेनूर एस्परांतो शिकली. कुठल्याच देशाची नसलेली, कुणीतरी मुद्दाम घडवलेली भाषा. विश्रांतवाडीतल्या तिच्या घरी त्यावर पुष्कळ हसणं झालं. पुढे तिला नोकरी लागली ती दवाखान्यांचं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत. दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली, की हे अ‍ॅप पेशंटला त्याच्या भाषेत आठवण करून देई. पुण्यातही चाले, परदेशातही. तिकडच्या एका बड्या ग्राहकाला एस्परांतोचं वेड होतं. तीही भाषा हवी, असा त्याने आग्रह धरला आणि टीमलीड तेजसने मीटिंगमध्ये विचारलं, "कुणाला येते का ही?" माहेनूरचा हात वर गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी हसलं नाही.

वाक्यांची भाषांतरं भराभर झाली. तिने अ‍ॅप उघडून पाहिलं. वर लिहिलं होतं, 'आज मार्तो ५.'

"संतोष, असं कुणी लिहीत नाही रे," ती शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाली. कोड संतोष लिहायचा. "आधी 'ला', मग पाचवा, मग 'दे', मग महिना. ला क्वीना दे मार्तो. म्हणजे मार्चचा पाचवा. आणि महिन्याचं पहिलं अक्षर लहान हवं, इंग्रजीसारखं मोठं नको."

"पाचवा काय, मुलगा आहे का?" असं म्हणत संतोषने बदल केला.

थोड्या वेळाने 'आज ला क्वीना दे मार्तो' अगदी बिनचूक दिसलं. ती खूश झाली. मग तिने आठवणीचा मेसेज उघडला. 'तुमची भेट ला क्वीना दे मार्तो आहे.' तिने कपाळाला हात लावला.

"इथे क्वीनान पाहिजे. शेवटी 'न'."

"मघाशी तूच क्वीना म्हणालीस."

"ते 'आज'च्या वाक्यात. भेट कधी आहे ते सांगताना शेवटी 'न' लागतो."

"हे बघ," संतोष शांतपणे म्हणाला, आणि तो शांत झाला की समजावं, काम होणार नाही. "तारीख एकाच ठिकाणी बनते आणि सगळीकडे तीच जाते. तुझ्या एका 'न'साठी सगळ्या भाषांचा कोड उघडू?"

तिने व्याकरणाचं पान दाखवलं. कर्म, काळ, विभक्ती, सगळं सांगून झालं. संतोष जांभई दाबत होता. तेवढ्यात तेजस चहाचा कप घेऊन तिथे आला. माहेनूरला एकदम सुचलं.

"मराठीत बघ ना! आज पाच तारीख आहे. पण भेट पाच तारखेला आहे. भेट पाच तारीख आहे, असं म्हणशील का तू?"

"अरे, म्हणजे तुझा 'न' हा आपल्या 'तारखेला'मधला 'ला'!" संतोष ताठ बसला. "मग आधी सांगायचं ना असं."

जिंकलोच आपण, असं तिला वाटलं. तेजसने मात्र खिशातून फोन काढला, अ‍ॅपची भाषा मराठी केली आणि स्क्रीन तिच्यासमोर धरली. 'तुमची भेट ५ मार्च आहे.'

"कधीपासून असं आहे?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून. एक कंप्लेंट नाही. मराठीत चालतंय, मग तुझ्या भाषेतही चालेल."

"मराठीतही चुकलंय!"

"पेशंट वेळेवर येतात ना? दात दुखत असला की व्याकरण आठवत नाही कुणाला."

तो निघून गेला. माहेनूर आपल्या स्क्रीनवरच्या चुकीच्या वाक्याकडे बघत राहिली. आपणच दिलेल्या उदाहरणाने आपल्याला पाडलं, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. मे महिन्यात एस्परांतो 'न'शिवायच अ‍ॅपमध्ये गेली.

पंधरवड्याने त्या ग्राहकाची मेल आली. लांबलचक, नम्र आणि दुखावलेली. तारखेला 'न' नाही, हे पाहून आपल्याला फार वाईट वाटलं, असं त्याने लिहिलं होतं. ऑफिसात धावपळ उडाली. जो कोड उघडणं अशक्य होतं, तो जेवणाच्या सुट्टीआधी उघडला आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्तही झाला. वाक्यागणिक तारखेचं वेगळं रूप द्यायची सोय झाली. तेजसने सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं.

"मग आता मराठीचंही करू या," ती म्हणाली. "सोय झालीच आहे."

"कंप्लेंट आली की करू."

तिने दुरुस्त्यांच्या यादीत रीतसर नोंद केली. तेजसने 'ग्राहकाची तक्रार नाही' असा शेरा मारून ती बंद केली. तिने परत उघडली, त्याने परत बंद केली.

घरी पोचली तेव्हा अम्मी चष्मा लावून फोन बघत होती. अम्मी म्हणजे जरीनाबी, मराठी शाळेत शिकलेल्या. फोन मराठीतच वापरायच्या आणि दाढेसाठी ज्या डॉक्टरकडे जायच्या, त्याच्याकडे हेच अ‍ॅप होतं.

"अम्मी, हे वाच. 'तुमची भेट १८ जून आहे.' बरोबर आहे का?"

"हो, अठरालाच बोलावलंय."

"तारीख नाही गं, वाक्य! अठरा जूनला पाहिजे ना? तू एक तक्रार लिही. मी सांगते, तू फक्त पाठव. तुझं ऐकतील ते."

जरीनाबींनी वाक्य पुन्हा वाचलं, मनातल्या मनात 'ला' लावून पाहिला आणि मान हलवली. "चुकलंय खरं. पण मला कळलं ना कधी जायचंय ते? एवढ्याशासाठी कुणाच्या नोकरीवर गदा कशाला आणायची?"

"अगं, नोकरी माझीच आहे!"

"मग तर नाहीच पाठवणार," अम्मी म्हणाली आणि चष्मा काढून भाजी गरम करायला उठली.