मागच्या खोलीतलं माहेर

देवाने हा जिल्हा घडवताना सपाट जमिनीच्या बाबतीत हात जरा आखडताच घेतला असावा. नकाशावर तो तळहाताएवढा दिसतो. पण चुरगळलेल्या चादरीसारखा झटकून पसरला, तर शेजारचे दोन जिल्हे झाकून टाकील. समोरच्या उतारावरच्या माणसाला हाक मारली की तो लगेच ओ देतो, आणि त्याच्याकडे वाटीभर मीठ मागायला निघालं तर दरी उतरून चढेपर्यंत अर्धा दिवस मोडतो. म्हणून इथे गप्पा ओरडूनच मारतात. कुणाची सून रुसली, हे अख्ख्या खोऱ्याला एकदम कळतं.

माणसं तशी थोडी. आणि ती मोजायची रीतही न्यारी. वर डोंगरात किती, असं विचारलं तर इथला माणूस डोकी सांगत नाही, चुली सांगतो. एकेका चुलीमागे जेवणारी तोंडं किती, ते देवाला ठाऊक आणि पिठाच्या गिरणीवाल्याला.

हा झाला पूर्वरंग. आता खिंडीतल्या घराकडे वळू.

खिंडीत घर एकच, नेमकं डोंगराच्या कण्यावर बसलेलं. पुढच्या छपरावरचं पाणी आपल्या नदीला जातं, मागच्या छपरावरचं पलीकडच्या. जिल्ह्याची हद्दही आढ्याखालूनच जाते. पुढची खोली या जिल्ह्यात, मागची त्या जिल्ह्यात. घर वाटाड्याचं. खिंडीतली पायवाट राखायची, ढासळलेले दगड रचायचे, धुक्यात चुकलेल्याला खाली पोचवायचं, हे त्याचं सरकारी काम. त्याची बायको मागच्या खोऱ्यातली. लग्न होऊन अडीच तपं उलटली, तरी लोक तिला म्हणतात ‘पलीकडची’. भांडण झालं की ती ‘मी चालले माहेरी’ म्हणून मागच्या खोलीत जायची आणि दाराला कडी लावायची. चुलीवरचं दूध उतू जायच्या आत परतही यायची.

या खेपेला आली नाही.

झालं असं, की जनगणनेच्या कामावर नेमलेल्या शिक्षिकाबाई वाटेत वाटाड्याला भेटल्या. तो दगड रचत होता.

“वर किती?” बाईंनी विचारलं.

“एक,” तो म्हणाला. त्याने चूल सांगितली. बाई सपाटीवरून नव्या बदलून आलेल्या. त्यांनी माणूस लिहिला. पुढच्या वस्तीवर त्या सहज बोलल्या, खिंडीत म्हणे एकच गृहस्थ राहतात. झालं! या उतारावरून त्या उतारावर बातमी ओरडत ओरडत वर पोचली: “अगंऽऽ, तुझा नवरा म्हणतो, मी एकटाच राहतो!”

पलीकडचीने अंथरूण उचललं आणि कडी लावली.

आपली चूक बाईंना खाली कळली. मोजणीच्या शेवटच्या दिवशी, जीव मुठीत धरून, त्या पुन्हा डोंगर चढल्या. वाटाड्या उंबऱ्यातच आडवा आला.

“बाई, दोन करा. आधी दोन करा, मग पाणी देतो.”

“करते की. काकू कुठे आहेत?”

“माहेरी!” आतून आवाज आला.

बाईंनी बंद दाराकडे पाहिलं. “काका, त्या झोपतात कुठे?”

“सध्या तिकडेच,” वाटाड्या खालच्या आवाजात म्हणाला.

“मग अडचण आहे हो. जो जिथे झोपतो, तिथे त्याची नोंद. मागची खोली माझ्या हद्दीत येत नाही. त्यांना तिकडचे मास्तर लिहून घेतील.”

“आणि मी?”

“तुम्ही इथे. एकटे.”

“बघा,” आतून आवाज आला, “तुमच्या तोंडात साखर पडली.”

वाटाड्या दाराला तोंड लावून बोलू लागला. “अगं, मी चूल सांगितली होती. चूल म्हटलं की तू आलीसच ना त्यात.”

“मी काय चुलीचा दगड आहे?”

बाईंनी पदराआड हसू दाबलं.

“बरं, घटकाभर बाहेर ये. बाईंचं लिहून होऊ दे, मग जा परत.”

“शिक्षिकेला खोटं लिहायला लावता? शरम आहे का काही?” मग आवाज जरा उतरला. “केस पांढरे झाले माझे या घरात. अजून सगळे पलीकडचीच म्हणतात. तुम्ही कधी कुणाला टोकलंत?”

टोकणं दूरच, चारचौघांत वाटाड्याही तिला तसंच म्हणत आला होता. असल्या वेळी देव माणसाला शब्द सुचवत नाही. हातपाय तेवढे हलवायला लावतो. तो उठला, आपलं अंथरूण गुंडाळलं, उशी काखेत मारली आणि दारापुढे उभा राहिला.

“कडी काढ.”

“कशाला?”

“राहायला आलोय.”

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. “किती दिवस?”

“बाई,” तो मान वळवून म्हणाला, “कायमचा रहिवासी लिहायला किती दिवस राहावं लागतं?”

“राहायचा विचार पक्का असला की पुरे.”

“पक्का आहे.”

कडी निघाली. पलीकडची दारात उभी होती, कमरेवर हात. “या वयात घरजावई होणार?”

“सासरे असते तर मानपानही झाला असता. आता उशिरा आलो, काय करणार!”

“अहो काका,” बाई कळवळून म्हणाल्या, “एवढा डोंगर दोन माणसं लिहायला चढले. तुम्हीही गेलात तर इथे लिहू काय?”

“बंद घर लिहा.”

“तुमची नोकरी इकडची!”

“दगड तिकडे रचतो. झोपायला इकडे येईन.”

बाईंनी सुस्कारा सोडला आणि लिहायला घेतलं. जिल्ह्याची लोकसंख्या त्यांच्या हातून कमी झाली, पण चेहरा काही दुःखी दिसेना.

आत वाटाड्या भिंतीशी अंथरूण पसरू लागला, तसं तिने त्याचा हात धरला. “तिथे नको, खिडकीशी घाला. माझं गाव दिसतं.”

“इथून?” इतकी वर्षं ही खोली म्हणजे त्याच्या लेखी शेळ्यांचा पाला ठेवायची जागा. तो खिडकीशी वाकला. एकामागे एक डोंगर, निळे, मग आणखी निळे.

“ते तिसरं टेकाड, त्याच्या खाली. छपरं नाही का चमकत?”

“दिसलं, दिसलं.”

“काही दिसलं नाही तुम्हाला,” ती म्हणाली आणि त्याची मान धरून डावीकडे वळवली. “नीट बघा.”