मारुलावरचा पिवळा ठिपका

"ये, ये... अजून ये," मार्टी मागे उभी राहून हात हलवत होती आणि सारेल गाडीला जोडलेली कॅराव्हॅन, त्यांचं चाकांवरचं घर, मागे घेत होता. आरशात त्याला बायकोचा हात दिसत होता. पस्तीस वर्षं त्याच हातावर विसंबून त्यानं कॅराव्हॅन लावली होती. त्या सवयीत नळाच्या खांबाला धडक बसेपर्यंत त्याला भान आलं नाही.

छावणीत शेजारच्या जागेवर उतरलेला रुआन हातातली लाकडं टाकून धावत आला. "ऊम सारेल, थांबा, मागचं मी बघतो." वडीलधाऱ्यांना तो तिकडच्या रीतीनं ऊम आणि तान्नी, म्हणजे काका-काकू म्हणायचा.

"काही नको," मार्टी म्हणाली. "खांबच मेला नको तिथे पुरलाय."

खांब वीस वर्षं तिथेच होता. सारेलनं उतरून पोच्यावरून हात फिरवला. मार्चपासून मार्टीला समोरचं दिसत नव्हतं. कडेकडेचं दिसे, मधोमध धुरकट डाग. डॉक्टरनं इलाज नाही म्हणून सांगितलं होतं. हे कोणाला सांगायचं नाही, असं तिनं नवऱ्याला बजावलं होतं. प्रिटोरियातल्या मुलालासुद्धा नाही. "कळलं की दुसऱ्या दिवशी कॅराव्हॅन विकायला काढेल तो," ती म्हणायची. मुलाला ओळखणारा कोणीही हेच म्हणाला असता.

सारेलचा जन्म मक्याच्या कोठारावर, वजनकाट्यापाशी गेला. ट्रक यायचा, हा आकडा वाचायचा, ट्रक जायचा. बत्तीस वर्षांत आकडा किलोभरही इकडचा तिकडे केला नाही, आणि या गोष्टीचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. महिन्याच्या एका शुक्रवारी कॅराव्हॅन जोडायची आणि अभयारण्य गाठायचं, एवढीच त्या दोघांची चैन. इतक्या वर्षांत सिंह एवढे दिसले, की मार्टी हल्ली त्यांच्यासाठी विणकाम खाली ठेवत नसे. बिबट्या मात्र एकदाही नाही. पहिल्यांदा आलेल्यांना दिसायचा, मागच्या सीटवर भांडणाऱ्या पोरांना दिसायचा, आणि हे दोघं निघून गेले की पाच मिनिटांत सगळ्यांना दिसायचा. या खेपेला बघायचाच, असं ठरवून ती आली होती. पुढच्या हिवाळ्यापर्यंत कडेचं तरी राहील की नाही, सांगता येत नव्हतं.

शनिवारी दुपारी नदीकाठच्या रस्त्यावर सारेलनं करकचून ब्रेक दाबला.

"मार्टी, हलू नकोस. मारुलाच्या झाडावर. आडव्या फांदीवर बसलाय."

दुर्बीण तिनं त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावली. तेवढ्यात वारा आला, सावली हलली आणि सारेलला दिसलं, की ते साल सोललेलं वाळकं लाकूड आहे. तो सांगणार होता. पण मार्टी मान तिरकी करून, श्वास रोखून बघत होती.

"दिसला," ती म्हणाली. "शेपूट खाली सोडलीय बघ. किती निवांत बसलाय."

 तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते पुसायची सारेलची छाती झाली नाही.

छावणीच्या कचेरीबाहेर नकाशाचा फळा असतो. कोणाला काय कुठे दिसलं, ते रंगीत चुंबकाचे ठिपके लावून सांगायचं. लाल सिंहाचा, पिवळा बिबट्याचा. फळ्यावर पहारा नसतो, सगळा कारभार शब्दावर चालतो. खोटा ठिपका लावणाऱ्याला शेकोटीपाशी कोणी बस म्हणत नाही. एका दंतवैद्याला त्यावरून खुद्द सारेलनंच चारचौघांत धुतलं होतं.

गाडीतून उतरून मार्टी थेट फळ्याकडे गेली.

"राहू दे गं. उद्या लावू," सारेल म्हणाला.

"पस्तीस वर्षं लोकांचे ठिपके बघितले. आज माझा लावते. नदीचं वळण कुठेय, बोट ठेव."

त्यानं बोट ठेवलं. तिनं बोटाशेजारी पिवळा ठिपका लावला.

संध्याकाळी रुआन आणि त्याची बायको अभिनंदन करायला आले. निखाऱ्यावर सॉसेज तडतडत होतं. "तान्नी मार्टी, उद्या फाटक उघडताच आम्हाला तिथे जायला हवं," रुआन म्हणाला. मार्टी हसली आणि पटकन आत लिंबू आणायला गेली. सारेलनं त्या दिवशी एकच तुकडा खाल्ला.

रविवारी सकाळी ते नदीकाठी पोचले, तर मारुलाभोवती चौदा गाड्या. माणसं अर्धी खिडकीबाहेर, दुर्बिणी सगळ्या एकाच झाडावर. रुआननं काच खाली केली.

"ऊम, नेमकी कुठली फांदी? दीड तास झाला."

सारेलच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. दंतवैद्य आठवला. त्यानं घसा साफ केला, पण मार्टीच त्याच्यावरून वाकली.

"नव्हताच तो, बाळा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "वाळकं लाकूडबिकूड असेल ते. माझे डोळे गेलेत. मार्चपासून समोरचं दिसत नाही मला. काल हौसेपायी दिसला म्हणाले आणि ठिपकाही मीच लावला. तुमची सकाळ वाया घालवली, माफ करा."

 पलीकडच्या गाडीतल्या बाईनं दुर्बीण मांडीवर ठेवली. रुआन म्हणाला, "असू दे, तान्नी," आणि उगाचच काचेवरची धूळ पुसू लागला.

पहिलं वळण गेल्यावर सारेलनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

"कालच, ठिपका लावून झाल्यावर. बिबट्या असता, तर तू कॅमेऱ्यासाठी अख्खी गाडी धुंडाळली असतीस. तू नुसता बसून राहिलास."

"मग हो कशाला म्हणालीस?"

"तू इतक्या आनंदानं दाखवत होतास. म्हटलं, एकाला तरी दिसू दे." तिनं पायाशी थर्मास चाचपला. "मुलाला आज तूच फोन कर. मला जमायचं नाही. आणि आता काय काय दिसतं ते मला सांगत चल. पण असेल तेवढंच."

सारेल रस्त्याकडे बघत होता. "उजवीकडे तीन झेब्रे," तो म्हणाला. "एक लंगडतोय."

"आणि डावीकडे?"

"काही नाही. गवत आहे."

"बरं," मार्टी म्हणाली. तिनं थर्मास उघडून त्याच्यासाठी कॉफी ओतायला घेतली. कप कुठवर भरला ते कळावं म्हणून तिनं एक बोट आत धरलं होतं.