आजीच्या मिशा

मित्रांनो, माझ्या पोटातून काय काय गेले ते ऐकाल तर तुम्हालाही शिसारी येईल. मी बेंगळूरच्या जयनगरातले, एका शाळेसमोरचे, जुने झालेले झेरॉक्सचे यंत्र.

कारखान्यातून मी थेट वसुमतीबाईंच्या दुकानात आलो. त्या पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवत. शाळा सुटली की मुले गृहपाठ घेऊन त्यांच्याभोवती जमत. ‘अक्का, इथे हॅज की हॅव?’ अक्का उत्तर कधीच देत नसत. चार वाक्ये करायला लावत आणि पाचव्याला चूक उमगून मूल स्वतःच हसत असे. सरावाच्या कागदांच्या प्रती मी काढत असे. दसऱ्याच्या आयुधपूजेला मला झेंडूची माळ मिळे. फार मानाचे दिवस होते ते!

पुढे अक्कांचे गुडघे धरले. त्या दुकानामागच्या खोलीत बसू लागल्या आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा प्रवीणकुमार आला. त्याने दारावर पाटी लावली : ‘इंग्रजी गृहपाठ तयार मिळेल.’ कवितेचा भावार्थ तयार, निबंध तयार, व्याकरण तयार. अख्ख्या वर्गाला एकच भावार्थ! कोणाचे तरी उष्टे मी दिवसभर वाढत होतो.

एकदा पाठ्यपुस्तकात वियोगावरची एक कविता आली. खाली प्रश्न होता : तुमच्या घरातले कोण गेले? त्यांच्याविषयी लिहा. प्रवीणने ‘माझे दिवंगत आजोबा’ असे उत्तर तयार केले. गुंडू नावाचा एक विद्यार्थी ते न्यायला आला. त्याचे दप्तर धरून दारात त्याचे आजोबा, खंडोजी, उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते.

“चांगलं लिहिलंय काय रे?” त्यांनी विचारले.

“हो,” गुंडू खाली बघत म्हणाला.

आपल्याच मरणाचा तो कागद चुरगळू नये म्हणून म्हाताऱ्याने जपून वहीत ठेवला. मला माझीच किळस आली. निदान कागद तरी अडकायचा. तोही अडकला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच वर्गातली वल्लरी आली. गेल्या दिवाळीत तिची आजी खरोखरच गेली होती.

“दादा, यात आजोबा आहेत. आजीचं मिळेल का?”

“स्वल्प थांब, बदलून देतो.” प्रवीणने संगणकावर सगळ्या आजोबांची आजी केली आणि कळ दाबली. मी निमूटपणे कागद बाहेर ढकलला. वल्लरीने तो वाचला, पुन्हा वाचला.

“दादा, माझ्या आजीला पांढऱ्या मिशा नव्हत्या.”

प्रवीण हसला. “सरी, ठीक आहे, तेवढी ओळ खोड. मिस कुठे वाचतात?”

आतून काठीचा आवाज आला. अक्कांनी कागद घेतला, वाचला आणि मेलेली पाल उचलावी तसा दोन बोटांत धरून टोपलीत टाकला.

“आई, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल!”

“जाऊ दे. पाटी काढ. लोकांची मढी विकायला दुकान घातलं नव्हतं आम्ही.” मग त्या वल्लरीकडे वळल्या. “बस. तुझी आजी काय करायची?”

“भांडायची. रिक्षावाल्यांशी. मराठीतून.” वल्लरीला हसू आले आणि लगेच डोळे भरले. “पण अक्का, माझं इंग्रजी चुकतं.”

“चुकू दे. भांडणे म्हणजे ‘फाइट’. आता ती भांडत नाही, तर काय होईल?”

वल्लरीने पेनाचे टोपण काढले. मग हळूच म्हणाली, “फॉट.” आणि लिहू लागली.

गिऱ्हाईक खरेच समोर गेले. प्रवीण आठवडाभर आईशी बोलला नाही. मी बरेच दिवस रिकामा उभा होतो, पण त्या रिकामपणाची मला घाण वाटली नाही. मित्रांनो, नक्कल करायला मी आहे. मला जीव नाही, आजी नाही. तुम्हाला आहे, मग तुमचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडून का मागता?

गेल्या सोमवारी वल्लरी आपला तपासलेला कागद घेऊन आली. सोलापूरला आजोबांना एक प्रत पाठवायची होती. पानावर शाळेतल्या मिसच्या लाल रेघाच रेघा होत्या. स्पेलिंगे चुकली होती, एक वाक्य तर मध्येच सुटले होते. मी एकही चूक गाळली नाही.