आठ शेळ्यांचे निम्मे

दुसरीच्या पोरांना निम्मे-दुप्पट शिकवायला कोण जाईल, असं शिवम्माबाईंनी विचारलं आणि माझा हात आपोआप वर गेला. नववीतली मी!

"काव्या, आठवडाभर घे," बाई म्हणाल्या. "शनिवारी मी स्वतः विचारीन. पोरांना आलं, तर शेवटचा तास वर्षभर तुझा. नाही आलं, तर गुपचूप आपल्या बाकावर."

गुपचूप बसणं मला गेल्या वर्षापर्यंत लई छान जमायचं. आता नको होतं.

दुप्पट तर एका दिवसात आली. "तुम्ही सात जण आहात ना, दुप्पट व्हा," असं मी म्हणायचा अवकाश, सातही जण पळाले आणि शेजारच्या अंगणवाडीतून एकेक पोर काखोटीला मारून आले. चौदा! मागून अंगणवाडीच्या ताई ओरडत.

"आता निम्मे व्हा!" मी घाईघाईनं म्हणाले. चौदाचे सात झाले. ताईंचा राग मात्र निम्मा झाला नाही.

शनिवारी बाई आल्या. सहा जणांनी खटाखट उत्तरं दिली. उरली पूनम. तिच्या घरी शेळ्या, म्हणून बाईंनी प्रेमानं विचारलं, "आठ शेळ्या आहेत. निम्म्या किती?"

"तीन."

मी घाईनं पुढं सरसावले.

"पूनम, नीट सांग की!"

"नीटच सांगतीया, काव्याक्का. तीनच."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. गेल्या वर्षीची मी असते, तर मान खाली घालून बाकाकडं निघाले असते. पण मी पूनमसमोर उकिडवी बसले. "कसे तीन? दाखव."

तिनं आठ खडे मांडले आणि दोन मोठे बाजूला सारले. "ह्या आया. कुंडलिकमामानं अर्धलीनं दिल्यात. आमी सांभाळायच्या आन् पिल्लं निम्मी-निम्मी. आया मामाच्याच. आया कुटं वाटत्यात व्हय?" मग उरलेल्या सहाचे तीन-तीन करून तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू दुसरीत मीच आहे.

"आणि आठही पिल्लंच असली तर?"

"चार."

"चारची दुप्पट?"

"आठ. पर आयांबिगर इतकी पिल्लं आली कुटनं?"

बाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "तास तुझा, काव्या. फक्त सोमवारी शेळ्या नकोत. पेरू घे."

"झाड कुणाचं?" पूनमनं विचारलं.