देग दाखवा, नवसागर घ्या

ढाणकीत कलई करणारा आता एकटा जफरच उरला होता. कापसाचं सारं बिघडलं तसे लोकायनं तांब्याचे गुंड, घंगाळं मोडीत घातले अन् घरात अलमिन्यम आणलं. उरली जमातीची एक देग, लग्नात भात शिजवाची. हुस्नाबीच्या पोरीच्या लग्नाले ती बाहेर काढली तं आतून लालेलाल तांबं उघडं पडलेलं.

जमातीचा कारभार पाहणारा जमीर म्हणे, "असरच्या, दिवस कलतानाच्या अजानपर्यंत कलई झाली तं ठीक. नाही तं मंडपवाल्याच्या देगा येतीन, अन् हे धूड मोडीत जाईन."

जफरजवळ कथील होतं, कोळसा होता. नवसागर नव्हता, अन् त्याच्याबिगर कथील तांब्याले धरतच नाही. तो नयनच्या किराणा दुकानात गेला.

"नाही देत काकाजी. पोलीस सांगून गेले. लोकं मोहाच्या दारूत टाकून राह्यले."

"अबे, मी कलईवाला हाओ!"

"सारेच म्हणतेत. परवा एकजण हातात पळी घेऊन आलता, म्हणे कलई कराची हाय. भांडं दाखवा, मंग देतो."

"चौघाले उचलत नाही ते भांडं!"

"मंग मी काय करू?"

जफरचं डोकं सटकलं. त्यानं भाचा साजिदले अन् गल्लीतल्या पाच-सहा पोरायले हाक मारली, बंडी जुंपली, देग चढवली अन् भात्या-कोळशासकट दुकानाच्या समोरच उतरवली. तिथंच खड्डा खणला, भाता लावला.

"पाह्य भांडं. आता दे."

लोकं हासाले लागले. नयननं एक खडा पुढं केला.

"एवढ्यात तं देगीचा काठ बी होत नाही. कंजूस कुठला!"

नयननं मूठभर दिला. "बनते कायचा हा?"

"आता कारखान्यातून गोणीनं येते. माहा आजा सांगे, पैले तिकडं पंजाबाकडं विटाच्या भट्टीत शेणाची राख-काजळी धरे, त्याच्यातून काढत. तुमाले फक्त दारूच दिसते. टॉर्चच्या सेलात बी हाच हाय, खोकल्याच्या औषधात बी."

देग तापली. जफरनं नवसागराची भुकटी टाकली तसा पांढरा धूर भसकन दुकानात घुसला. नयन खोकत बाहेर आला.

"घे औषध," साजिद म्हणला.

वितळलेलं कथील फिरवाले कापूस पाह्यजे होता. बाजूले कापसाची बंडी उभी होती. मालक म्हणला, "घ्या ना, भाव तं कोणी विचारूनच नाही राह्यलं." जफरनं सरकी काढून बोळा केला अन् आतून हात फिरवला. लाल तांब्यावर चांदी चढत गेली.

मशिदीतून असरची अजान झाली अन् जमीर आला. वाकून आत पाह्यलं. "तळाशी लाल हाय."

हातभर जागा राह्यली होती. जफरजवळचा नवसागर संपला होता. मागाच्या ऐवजी तो भाताच हाणत राह्यला.

नयन आत गेला अन् त्यानं नवसागराची पुडी आणून भुकटी सोता तळावर टाकली. पुन्हा धूर. पुन्हा बोळा. साजिदनं पाणी ओतलं, देग चर्र झाली.

जमीरनं खिशातला पांढरा रुमाल तळावर घासला, उलटापालटा करून पाह्यला, पांढराच होता, अन् मंडपवाल्याले फोन लावून देगा नको म्हणून सांगतलं.

"या लग्नापुरतं," तो जफरले म्हणला. "पुढचं पुढं पाहू."

"पाह्य," जफर म्हणला, अन् भट्टी विझवाले वाकला.